साइटवर जाण्यायेण्याच्या वेळेचे पैसे: तासावरच्या कामगाराचा हिशेब कसा मांडायचा

जळगावच्या दुकानातून सकाळी आठला सुटलेली पिकअप चोपड्याकडच्या शेतावर साडेनऊला पोहोचते. गाडीत ठिबकच्या नळ्यांची बंडलं, फिल्टर, दोन फिटर आणि एक मदतनीस. मालक हजेरी साडेनऊपासून लावतो. फिटर म्हणतो, "भाऊ, मी तर आठला दुकानात होतो. नळ्या कोणी चढवल्या?" मालकाचं म्हणणं असतं, "गाडीत बसून आलास ना, त्याचे कसले पैसे?" ठिबक, सोलर, बोअरवेलची मोटर, एसी दुरुस्ती, मंडप, केळीची कापणी, धंदा कुठलाही घ्या, खान्देशात हा वाद हमखास ऐकू येतो. कारण सोपं आहे. इथे दुकान शहरात आणि काम पन्नास-साठ किलोमीटरवर असतं.

मी छोट्या ठेकेदारांची हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं बघतो. माझ्या मते या वादाचं मूळ कंजूषपणात कमी आणि "काम" नेमकं कधी सुरू होतं हे आधी न ठरवण्यात जास्त असतं. ते ठरवायची पद्धत पुढे दिली आहे. ती मालकासाठी लिहिली असली तरी कामगारानंही वाचावी.

आधी कसोटी पक्की करा

"तासावरच्या माणसाला प्रवासाचे इतके पैसे द्या" असं थेट सांगणारं सरसकट कलम आपल्याकडच्या कामगार कायद्यात नाही. म्हणून कसोटी आजूबाजूच्या तरतुदींतून घ्यावी लागते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हर-क्लीनरच्या कामाच्या तासांची व्याख्या करताना म्हटलं, की कामगार मालकाच्या हाताशी, त्याच्या हुकमाखाली असतो तो वेळ म्हणजे कामाचा वेळ. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात तर स्पष्टच लिहिलं होतं, की ठेकेदारानं परराज्यातून आणलेल्या मजुराला जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं आणि प्रवासाच्या काळातली मजुरीही द्यायची, जणू तो कामावरच आहे. त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत मजुरीचं ते वाक्य उरलं नाही, वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचं भाडं तेवढं राहिलं. पण विचार कुठल्या दिशेनं होत आला आहे ते यावरून कळतं.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कोर्टात भरपूर घासला गेला आहे. अमेरिकेत १९४७ च्या कायद्यापासून ढोबळ नियम असा: घर ते कामाची नेहमीची जागा हा प्रवास कामगाराचा, पण दिवसाच्या कामातच एका जागेवरून दुसरीकडे जावं लागलं तर तो वेळ मालकाचा. युरोपीय न्यायालयानं २०१५ मध्ये स्पेनमधल्या तंत्रज्ञांच्या खटल्यात आणखी एक पाऊल टाकलं. ज्यांना ठरावीक कामाची जागाच नाही, त्यांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा वेळही कामाचाच, असं ते म्हणालं. हे निर्णय आपल्याला बांधील नाहीत. पण वाटणी कशी करावी याचा नमुना म्हणून उपयोगी आहेत.

या सगळ्याचा अर्क एका प्रश्नात मावतो: या घडीला तो माणूस स्वतःच्या मर्जीनं फिरतोय की तुमच्या सांगण्यावरून?

पायरी पहिली: हजेरीची जागा ठरवा

प्रत्येक कामगारासाठी एक जागा लिहून ठेवा. दुकान, गोडाऊन, एमआयडीसीतलं वर्कशॉप, काहीही चालेल. तिथं तो स्वतःच्या खर्चानं आणि स्वतःच्या वेळात येतो. भुसावळहून पॅसेंजरचा पास काढून रोज जळगावला येणाऱ्या मुलाला त्या प्रवासाचे पैसे देणं लागत नाही. गाडी उशिरा आली तर तो उशिरा आला, एवढंच.

हजेरीच्या जागेवर माणूस सांगितलेल्या वेळी पोहोचला की घड्याळ सुरू. माल चढवायला सांगितलं असो किंवा "थांब, पंप आणणारा येतोय" म्हणून बसवून ठेवलं असो. इथेच बरेच मालक घसरतात. आठला बोलवायचं, पावणेनऊला गाडी काढायची आणि हजेरी साइटपासून लावायची, हे चालणार नाही.

पायरी दुसरी: प्रवासाचा प्रकार ओळखा

दुकान ते साइट आणि साइट ते दुकान: पूर्ण वेळ मोजायचा. माणूस गाडी चालवत असो, मागच्या सीटवर डुलकी काढत असो. त्याला तिथे तुम्ही बसवलं आहे.

एका साइटवरून दुसऱ्या साइटवर: पूर्ण वेळ. सकाळी यावलला पंपाचा स्टार्टर बदलला, दुपारी फैजपूरला दुसरं काम. मधला वेळ कामाचाच. मधे स्वतःच्या कामासाठी तासभर बाजारात थांबला तर तेवढा तास वजा करा, पण त्याला सांगून. चहासाठी दहा मिनिटं थांबले म्हणून कापाकापी करू नका. पंक्चर, बंद रेल्वे फाटक, पुलावरची कोंडी, हे सगळं तुमच्या खात्यात.

घरून थेट साइटवर: इथे फरकाची पद्धत वापरा. नेहमी घर ते दुकान जेवढा वेळ लागतो तेवढा वजा करून वरचा वेळ द्यायचा. नशिराबादला राहणाऱ्या माणसाला जळगावच्या दुकानात यायला अर्धा तास लागतो असं धरा. आज तुम्ही त्याला परस्पर रावेरला जायला सांगितलं आणि मोटरसायकलवर पावणेदोन तास लागले. जातानाचा सव्वा तास आणि येतानाचा सव्वा तास, असे अडीच तास त्याच्या हजेरीत धरा. उलट, अडावदला राहणारा माणूस चोपड्याच्या कामावर परस्पर गेला आणि त्याचा रस्ता नेहमीपेक्षा कमी झाला, तर जादा काही लागत नाही. म्हणून कापायचंही नाही.

बाहेरगावी मुक्काम: धुळ्याहून दोन माणसं दोन दिवसांसाठी धडगावला पाठवली. जाण्यायेण्याचा वेळ मोजा, रात्रीची झोप मोजू नका, जेवण आणि राहणं मालकाकडे. रविवारी, सुट्टीच्या दिवशी निघायला लावलं तर? अमेरिकेत मुक्कामाच्या प्रवासातला नेहमीच्या कामाच्या तासांत येणारा वेळ सुट्टीच्या दिवशीही मोजतात. मी म्हणतो, रविवार तुमच्या कामासाठी मोडला असेल तर प्रवासाचा सगळा वेळ द्या. सातपुड्यातल्या घाटरस्त्यावर चार तास हाडं खिळखिळी करून घेण्याला कुणी सुट्टी म्हणणार नाही.

गाडी चालवणारा: याचा हिशेब नेहमी वेगळा. बाकीची माणसं गोळा करत येणाऱ्याचं काम पहिल्या माणसाच्या दारापासून सुरू होतं आणि शेवटच्याला सोडून गाडी लावेपर्यंत चालतं. इतरांना घरी सोडून तो तासाभरानं मोकळा होतो, तो तास फुकट नसतो.

केळीच्या टोळीचं काय?

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यात गुंतागुंतीचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कापणीच्या टोळीला दुकान नाही, वर्कशॉप नाही. आज एका गावचा बाग, उद्या दुसऱ्या. मुकादमाची गाडी पहाटे चावडीपाशी येते, माणसं चढतात, बागेत उतरतात, घड कापून, वाहून ट्रकमध्ये भरतात आणि माल भरून झाला की परततात. मजुरी बहुतेक वेळा क्विंटलवर किंवा गाडीवर. "त्यांना तासाचा हिशेब लागतच नाही," असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. उक्त्या कामावर असलेल्या माणसालाही वेळेनुसार निघणाऱ्या किमान वेतनाची हमी कायद्यानं दिली आहे. म्हणजे टोळीचा दिवस किती तासांचा झाला हे मोजावंच लागतं आणि त्यात गाडीचा वेळ धरायचा की नाही हा प्रश्न आलाच.

माझं मत: जागा रोज बदलते, गाडी मुकादमाची, वेळ मुकादमाची आणि त्या गाडीशिवाय बागेत पोहोचायचा दुसरा मार्ग नाही, अशा टोळीचा वेळ चावडीवर गाडीत चढल्यापासून मोजावा. त्यांची हजेरीची जागा चावडी आहे. शेतकऱ्यानं, व्यापाऱ्यानं आणि मुकादमानं क्विंटलचा दर ठरवतानाच लांबच्या बागेला थोडा वर चढवला तर रोजची कटकट वाचते. ही काही नवी कल्पना नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात गावापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे काम दिलं तर १० टक्के जादा मजुरीची तरतूद होती. तोच धागा इथे धरता येतो.

दुसरी गोष्ट, वाट बघणं. टोळी बागेत सहाला पोहोचली, ट्रक साडेदहाला आला. हे साडेचार तास मजूर घरी जाऊ शकत नाही, दुसरीकडे कामाला जाऊ शकत नाही. तो तुमच्या कामावर आहे. आणि ट्रक आलाच नाही, "परत जा" म्हणालात, तर? रोजावरचा माणूस काम करायला तयार होता आणि काम मिळालं नाही ते त्याच्या नकारामुळे नव्हे, अशा वेळी कमी तास भरले तरी त्या दिवसाचं पूर्ण वेतन द्यावं हे किमान वेतनाच्या जुन्या कायद्यातही होतं आणि त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही आहे. यातल्या नेमक्या अपवादांसाठी कामगार कार्यालयात विचारून घ्या. पण "आज काही नाही, उद्या बघू" हा परिपाठ कायद्याला धरून नाही.

पायरी तिसरी: तासाचा दर काढा

महिन्याचा दर असेल तर भागिले २६, मग भागिले ८. नुसतं उदाहरण म्हणून, महिना १३,००० असेल तर रोज ५०० आणि तास ६२ रुपये ५० पैसे. महाराष्ट्रात किमान वेतन कामाच्या प्रकारानुसार आणि परिमंडळानुसार वेगळं असतं, शिवाय विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. मागच्या वर्षीचा आकडा वापरू नका.

प्रवासाच्या तासाला कमी दर ठेवावा का? काही ठेकेदार कामाला ८० आणि प्रवासाला ७० असा भाव ठरवतात. आधी लेखी ठरलं असेल आणि दोन्ही दर किमान वेतनाच्या वर असतील तर निभेल. पण मी ते टाळायला सांगतो. दोन दर आले की ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कुठल्या दरानं हा नवा वाद उभा राहतो आणि वाचलेले पैसे हिशेबनिसाच्या डोकेदुखीत जातात.

पायरी चौथी: ओटी लावा

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सामान्य कामाच्या दिवसापेक्षा जादा झालेल्या तासांना किमान दुप्पट दर, हा नियम तिच्यात आहे. कारखाने कायद्यात आणि राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही दुप्पटच होता. आठवड्याची मर्यादा ४८ तास. दिवसाचा आणि आठवड्याचा, दोन्ही हिशेब मांडा आणि ज्यात कामगाराला जास्त मिळतं तो धरा.

सुरुवातीचं चोपड्याचं उदाहरण पुरं करू. दर तासाला ८० रुपये, ठरलेला दिवस ८ तासांचा. आठला दुकानातून निघाले, साडेनऊला पोहोचले, एकपर्यंत काम, अर्धा तास जेवण, दीड ते पाच काम, साडेसहाला परत दुकानात.

प्रवास दीड आणि दीड, तीन तास. काम साडेतीन आणि साडेतीन, सात तास. एकूण १०. पहिल्या ८ तासांचे ६४०. वरच्या २ तासांचे १६० प्रमाणे ३२०. दिवसाचे ९६०.

मालकानं फक्त साइटचे तास धरले असते तर ५६० झाले असते. एका माणसामागे एका दिवसाचा फरक ४०० रुपये. हे बघून अनेकांचा जीव वरखाली होतो. पण उपाय हजेरी कापण्यात नाही, अंदाजपत्रकात आहे. ग्राहकाला कोटेशन देताना अंतराचा खर्च धरा. शेतकरी डिझेलचे पैसे समजून घेतो, तसे माणसांच्या वेळेचेही घेतो. आणि साइट लांब असेल तर रोज येजा करण्यापेक्षा एक मुक्काम स्वस्त पडतो का ते बघा, पुष्कळदा पडतो.

नशिराबादच्या माणसाचा हिशेब: रावेरला काम ६ तास, फरकाचे अडीच तास, एकूण साडेआठ. ६४० अधिक अर्ध्या तासाचे ८०, म्हणजे ७२०. पेट्रोल याशिवाय.

पेट्रोल म्हणजे मजुरी नाही

"पेट्रोलचे दोनशे दिले की, अजून काय?" हे वाक्य ऐकलं नाही असा फिटर सापडणार नाही. पेट्रोल हा त्यानं तुमच्यासाठी खिशातून केलेला खर्च आहे, तो परत करायचा. वेळेचे पैसे वेगळे. दोन्ही एका रकमेत दिले तर उद्या भांडणात कुठलीच बाजू सिद्ध होत नाही.

उलट चलाखीही टाळा. काही जण प्रवासाच्या तासांचे पैसे "प्रवासभत्ता" या नावाखाली टाकतात, म्हणजे पीएफ कमी बसेल. संहितेच्या व्याख्येत वेतनातून काही भत्ते वगळले आहेत हे खरं. पण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरला जातो. आणि मुळात तासांचा मोबदला तो मोबदलाच, नाव बदलून त्याचा भत्ता होत नाही.

मुकादमाच्या गाडीचं भाडं मजुरीतून कापण्याची पद्धतही बंद करा. आपल्याच कामाला न्यायचं भाडं मजुराकडून घ्यायचं, याला काही अर्थ नाही.

पायरी पाचवी: लिहून ठेवा

हजेरीपत्रकात चार रकाने पुरतात: हजेरीच्या जागेवरून निघालो, साइटवर पोहोचलो, साइट सोडली, परत आलो. गटप्रमुखानं निघताना आणि पोहोचल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो टाकला की वेळ आपोआप नोंदली जाते. पंधरा मिनिटांच्या टप्प्यानं वेळ धरायची असेल तर धरा, पण कमी करत जाऊ नका. नेहमी मालकाच्या बाजूनं वळणारा टप्पा कामगाराच्या लगेच लक्षात येतो.

कामावर घेताना असा कागद द्या, मराठीतच:

"तुमची हजेरीची जागा: दुकान. तिथं सांगितलेल्या वेळेपासून परत येईपर्यंतचा वेळ, जेवणाची सुट्टी सोडून, कामाचा धरला जाईल. घरून परस्पर साइटवर पाठवल्यास नेहमीपेक्षा जादा लागलेला वेळ मिळेल. स्वतःच्या गाडीचं पेट्रोल दर किलोमीटरनं वेगळं मिळेल. बाहेरगावच्या मुक्कामात जेवण-राहणं मालकाकडे."

खाली दोघांच्या सह्या. वेतनपावतीवर प्रवासाचे तास वेगळ्या ओळीत दाखवा.

एवढी कागदपत्रं कशाला, असं वाटत असेल तर हे लक्षात घ्या. वेतन कमी दिल्याचा दावा आला तर पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार संहितेनं मालकावर टाकला आहे. दावा करायला कामगाराला तीन वर्षांची मुदत आहे, आणि अधिकारी थकलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. कमी वेतन दिल्याचा पहिला दंडच ५०,००० रुपयांपर्यंत आहे. हजेरी तुमच्याकडे नसेल आणि कामगाराच्या मोबाईलमध्ये रोजचे फोटो असतील, तर कुणाचं ऐकलं जाईल हे सांगायला नको.

पायरी सहावी: रस्त्यावरचा अपघात

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपई भरलेला ट्रक रात्री उलटला आणि मालावर बसून घराकडे निघालेले किमान १५ मजूर दगावले. भरणीचं काम संपलं होतं, प्रवास चालू होता. "काम संपलं" म्हणून असा वेळ हिशेबाबाहेर टाकणाऱ्यांनी हे आठवावं.

कायदाही त्याच दिशेनं गेला आहे. राज्य कामगार विमा कायद्यात २०१० पासून घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ-जागा-परिस्थितीचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचा अपघात मानला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या मृत्यूच्या प्रकरणात, कामगार भरपाईच्या कायद्यालाही हाच अर्थ लावला. तो कामावर निघाला होता, वाटेत अपघात झाला होता.

एक बारकावा ध्यानात ठेवा. घर ते दुकान या प्रवासाचे पैसे देणं लागत नाही, पण त्या प्रवासातल्या अपघाताची जबाबदारी येऊ शकते. मजुरी आणि भरपाई हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणून भरपाईची पॉलिसी घ्या, त्यात रोजंदारीवरच्यांची नावं घाला आणि मालवाहू गाडीच्या मागच्या हौद्यात माणसं बसवू नका. ती गाडी माणसांसाठी पास झालेली नसते, आणि तंटा झाला की विमा कंपनी हात वर करते.

मागचं थकलेलं असेल तर

कामगारानं आधी मालकाला हिशेब दाखवावा, तारखा आणि वेळांसह, तोंडी आरडाओरड न करता. मालकानं मागच्या काही महिन्यांचा फरक काढून हप्त्यांत द्यायचं ठरवलं तरी लेखी ठरवावं. जमलं नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या कामगार कार्यालयात अर्ज देता येतो. सोबत वेतनपावत्या, मोबाईलमधले फोटो, ग्रुपवरचे "उद्या सातला निघायचं" असे मेसेज, बँकेत जमा झालेल्या रकमांचा उतारा जोडा. काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळी थकलेली मजुरी मिळायला हवी, आणि त्यात प्रवासाचे तासही आले. उचल घेतली असेल तर ती वजा होईल, पण एकूण कपात त्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही.